डावीकडे ओढणारी जीप

बदलीचा हुकूम मला जेवणाच्या रांगेत मिळाला. मी तेव्हा वाहनदुरुस्तीच्या शाखेत हवालदार होतो. सात दिवसांत उत्तरेकडील एका डोंगरी तळावर हजर व्हायचे होते. तळाचे नाव मी येथे लिहिणार नाही. सेवेत लागलेली सवय आहे, ती मोडावीशी वाटत नाही. वर्षातले पाच महिने तिथे बर्फ असे. खालच्या तळापर्यंत सव्वीस किलोमीटरचा एकेरी रस्ता होता आणि मध्ये एक नाला. नाल्यावरचा पूल वाहून गेला होता.

मी लेखक नाही. गाव जळकोट तालुक्यातले, विज्ञानाची पदवी नांदेडच्या महाविद्यालयातली, त्यानंतर चोवीस वर्षे नोकरी. निवृत्त होऊन नांदेडलाच राहतो. ओळखीचे लोक लढाईची हकिकत विचारतात. मी गाड्या दुरुस्त करीत होतो असे सांगितले की विषय बदलतात, आणि मलाही ते बरे वाटते. या वयात लिहायला बसलो त्याचे कारण एकच आहे. एका सरकारी कागदावर माझ्या मित्राच्या नावापुढे एक चुकीचे वाक्य आहे. ते माझ्यामुळे लिहिले गेले. ते दुरुस्त व्हावे, एवढीच इच्छा आहे.

मित्राचे नाव मारोती. हुद्दा नाईक, काम चालकाचे, गाव किनवट तालुक्यातले इस्लापूर. मी तळावर पोचलो त्या दुपारी तो एका जीपखालून बाहेर आला आणि माझ्या ट्रंकेकडे पाहू लागला. आमच्या ट्रंकांवर नाव, गाव, जिल्हा पांढऱ्या रंगाने लिहिलेले असतात.

“जळकोट? म्हंजे मुखेडच्या पल्याड,” तो म्हणाला. “शेजारीच की आपुन.”

दोन्ही गावांच्या मध्ये जवळजवळ अख्खा नांदेड जिल्हा आहे. त्या उंचीवर मात्र तो मधला जिल्हा उरला नाही. सबंध तुकडीत आमच्याकडचे आम्ही दोघेच. बाकी वेळ हिंदीत बोलायचे. संध्याकाळी तास-अर्धा तास तो आणि मी आपल्या बोलीत बोलायचो. मी पदवीधर आहे हे कळल्यावर त्याने माझे नाव ‘गुरुजी’ ठेवले. मी त्याच्यापेक्षा हुद्द्याने मोठा होतो, पण अंगावर वर्दी नसली की तो मला अरेतुरे करी. मला ते आवडत असे. मी कमी बोलतो. तो दोघांचे मिळून बोले.

त्याच्या बोलण्यात इस्लापूर फार असे. अंबाडीची भाजी, तिच्यावर कच्चे तेल, शेतातली मोहाची दोन झाडे. पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज आपल्या ओसरीवर ऐकू येतो असे तो सांगे. हे खरे नसावे, अंतर बरेच आहे. पण बाहेर बर्फ पडत असताना तो ज्या खात्रीने सांगे त्यामुळे मलाही तो आवाज ऐकू आल्यासारखे होई. रजेवर आम्ही एकदा बरोबर निघालो. नांदेड स्थानकावर उतरून तो किनवटकडच्या गाडीत बसला, मी मुखेडच्या बसला गेलो. पुढच्या रजेत त्याच्या गावी जायचे ठरले होते.

आता जीपविषयी. नाला ओलांडायला साध्या जीपची उंची पुरत नव्हती. इंजिनात पाणी जाई. म्हणून एक जीप आमच्याच वर्कशॉपमध्ये चार इंचांनी उंच करण्यात आली. पुढे स्प्रिंगचे जास्तीचे पाटे घातले. मागे पाट्यांची कमान आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले. एक्सल जागेवर राहावा म्हणून पाट्यांतून जाणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके ठोकळ्याच्या भोकात घट्ट बसावे लागते. डाव्या ठोकळ्याचे भोक दोन सूत, म्हणजे पाव इंच, मोठे पडले होते. योग्य मापाचे ड्रिल भांडारात नव्हते. बोल्टचे डोके भोकात हलत आहे हे मी बसवतानाच पाहिले. वर्कशॉपचे प्रमुख सुभेदारसाहेब म्हणाले, “यू-बोल्ट कसके बाँध दो. हिलेगा नहीं.” पाटे आणि एक्सल एकत्र बांधून धरणारे ते यू-बोल्ट मी आवळले आणि काही बोललो नाही.

सुभेदारसाहेब वाईट माणूस नव्हते. अत्यंत कुशल होते आणि मला मुलासारखे वागवीत. निवृत्तीला चार महिने राहिले होते. ती उंच जीप त्यांच्या हातची शेवटची मोठी कामगिरी होती आणि ती पाहायला खालच्या तळावरून अधिकारी येऊन गेले होते.

जीप मारोतीच्या ताब्यात दिली गेली. महिन्याभरानंतर एका सकाळी तो माझ्याकडे आला.

“गुरुजी, गाडी डाव्या अंगाला ओढून राहिली.”

“किती?”

“हात सोडला की चालली दरीकडं. उतरताना डाव्या हातालाच दरी हाय, ध्यानात हाय ना?”

“केव्हापासून?”

“दोन दिवस झाले. तक्रारवहीत लिहू का?”

आमच्याकडे प्रत्येक गाडीची एक तक्रारवही असे. चालकाने दोष दिसताच तारीख-वेळ टाकून लिहायचे आणि वही सुभेदारसाहेबांपुढे ठेवायची, हा नियम.

“थांब,” मी म्हणालो. “आधी मी पाहतो.”

हल्ली नांदेडात तरुण मुले हौसेने जीप उंच करून घेतात आणि ओळखीतून कोणी माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येते. त्यांना मी जो क्रम सांगतो, त्याच क्रमाने तेव्हा पाहिले. प्रथम टायरमधील हवा. ती समान होती. नंतर पुढची दोन चाके अदलाबदल केली. दोष टायरचा असेल तर ओढ दुसऱ्या बाजूला जाते. ती डावीकडेच राहिली. मग दोन किलोमीटर चालवून, ब्रेक न लावता गाडी थांबवली आणि चारही ड्रमना हात लावला. एखादा ब्रेक धरून राहत असेल तर तो ड्रम तापतो. चारही सारखेच कोमट होते. जॅकवर घेऊन चाके फिरवली, मोकळी फिरली. स्टिअरिंगचे सांधे हलवून पाहिले, घट्ट होते. साध्या गाडीत येथे शोध बहुधा संपतो. उंच केलेल्या गाडीत मात्र मागे जावे लागते. पुढची चाके सरळ असली तरी मागचा एक्सल तिरपा झाला तर तो गाडीला मागून वळवतो, आणि चालकाला वाटते की दोष पुढे आहे.

दोरीला नट बांधून मी ओळंबा केला. पुढच्या आणि मागच्या चाकाचे मध्यबिंदू लाकडी फळ्यांवर खडूने उतरवले आणि दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. डावे अंतर उजव्यापेक्षा कमी भरले. फरक बोटाच्या अर्ध्या रुंदीइतका होता. डावीकडे एक्सल पुढे सरकला होता. कारण मला शोधावे लागले नाही.

“सापडलं का?” मारोतीने विचारले.

“सापडलं. सुभेदारसाहेबांशी बोलावं लागेल. वहीत लिहू नकोस. वहीत गेलं की सगळ्यांसमोर होईल. मी एकट्यात सांगतो.”

“सांग मंग. तवर धरतो म्या उजवीकडं.”

मी सांगितले नाही. त्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी वाक्य तयार करून गेलो. साहेब घरून आलेले पत्र वाचीत होते. मी परत आलो. दुसऱ्या दिवशी तिथे आणखी दोघे होते. तिसऱ्या दिवशी साहेबांनीच विचारले, “अपनी जीप कैसी चल रही है?” मी म्हणालो, “ठीक है, साहब.” त्यानंतर सांगणे अधिक अवघड झाले. मारोती रोज संध्याकाळी माझ्याकडे पाही.

“झालं का बोलून?”

“उद्या.”

“पंचांग बघून ऱ्हायलास का रं? का लग्नाची मागणी घालायलास?”

तो हसे, मीही हसे. असे पंधरा दिवस गेले. तो त्या पंधरा दिवसांत सहा वेळा खाली जाऊन आला, दर वेळी स्टिअरिंग उजवीकडे धरून. नियम मोडायला मी सांगितले होते, आणि त्याने माझा शब्द मोडला नाही.

सोळाव्या दिवशी पहाटे ०५४० वाजता एक जवान पोटदुखीने कोसळला. नर्सिंग असिस्टंटने तपासून सांगितले की हे शस्त्रक्रियेचे काम आहे, दुपारच्या आत खाली पोचला पाहिजे. ढग खाली उतरले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हते. नाला ओलांडू शकणारी गाडी एकच होती. ०६०० वाजता कंपनी कमांडर मेजरसाहेब स्वतः वर्कशॉपपाशी आले. मारोतीने जीप बाहेर काढून वळणापर्यंत नेली आणि परत आणली. ब्रेक लावताच ती डावीकडे झेपावली. बर्फात मागच्या चाकांचे चरे पुढच्या चाकांच्या चऱ्यांवर पडत नव्हते, एका बाजूला पडत होते. ते सर्वांनी पाहिले.

“क्या हुआ है इसको?” मेजरसाहेबांनी विचारले.

“सर, पीछे का एक्सल खिसका है. सेंटर बोल्ट टूट गया होगा,” मी म्हणालो. “ऐसे नहीं जा सकती.”

“कितना टाइम?”

“तीन घंटे, सर.”

“कब से है ये?”

सुभेदारसाहेब माझ्या उजवीकडे उभे होते. उत्तर एका वाक्याचे होते आणि मला ते पाठ होते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, फार नसावा.

“कल शाम से, सर,” मारोती म्हणाला. “मैंने सोचा सुबह लिखवाऊँगा.”

मेजरसाहेबांनी त्याच्याकडे पाहिले. “शाम को लिखना था.”

“जी, सर.”

०६२५ वाजता आम्ही यू-बोल्ट सोडले. सेंटर बोल्ट खरोखरच तुटला होता. ठोकळा बाहेर येताच सुभेदारसाहेबांनी तो हातात घेतला, भोकात बोट घालून फिरवले आणि त्यांना सर्व कळले. भोकाची कड एका बाजूने झिजून चकाकत होती. इतकी झीज एका संध्याकाळची नसते. ते मला फक्त म्हणाले, “बोलना चाहिए था, बेटा.” मग त्यांनी नळीचा एक तुकडा कापला आणि कानशीने स्वतः घासून भोकात बसेल असा बुश तयार केला. बोल्ट ट्रकच्या सामानातून घेतला. थंडीने हत्यार हाताला चिकटत होते. मारोती जीपखाली माझ्या शेजारी पडून होता.

“का बोललास तसं?” मी हळू विचारले.

“तुझा मुहूर्त निघंना. पेशंट मरंल तवर.”

“मी सांगतो त्यांना. आत्ता जाऊन सांगतो.”

“आत्ता कामून? आत्ता पाना धर. संध्याकाळी सांग. म्या आल्यावर. म्या बाजूला हुभा ऱ्हातो, मंग तर फुटंल ना तोंड?”

०९३० वाजता पुन्हा ओळंबा सोडला. दोन्ही अंतरे समान भरली. ०९४० वाजता जीप निघाली. मागे स्ट्रेचरवर जवान, त्याच्याजवळ नर्सिंग असिस्टंट, पुढे मारोती एकटा. वळणावर त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मला दाखवले. जीप सरळ गेली.

११५५ वाजता वायरलेसवर कळले की रुग्ण पोचला. तो जवान वाचला. आज तो मुलाबाळांचा बाप आहे, संसारात आहे.

परतीच्या रस्त्याला नाल्याच्या अलीकडे एक कडा आहे. ऊन चढले की तिथले बर्फ सुटते आणि दगड पडतात. म्हणून खालचे चेकपोस्ट १४०० वाजता बंद होई. मारोतीने वरच्यासाठी औषधे आणि डाक घेतली आणि तो १३५० वाजता चेकपोस्टवर पोचला. नियमाने त्याला सोडायला हरकत नव्हती. १६४० वाजता मी वायरलेसच्या खोलीत होतो.

“गाडी पहुँची? ओवर,” खालच्या तळावरून विचारणा आली.

“नहीं पहुँची. आपके यहाँ से कब निकली? ओवर.”

“तेरह पचास. ओवर.”

“रुको.”

शोधपथकात मी होतो. जीप रस्त्यावरच होती, उभी, पुढची चाके सरळ. दगड छतावर, चालकाच्या जागेच्या वरच पडले होते. त्याला लगेचच मरण आले असावे असे डॉक्टर म्हणाले. डाकेची थैली शाबूत होती.

जीप ०६१५ वाजता निघाली असती तर परतताना तो कडा त्याने साडेअकराच्या आत ओलांडला असता. हा हिशेब मी त्या दिवसापासून करीत आलो आहे. त्यात दुसरे उत्तर येत नाही.

चौकशी समिती बसली. सुभेदारसाहेबांनी ठोकळ्याचा दोष निःसंकोच स्वतःवर घेतला. मला विचारण्यात आले, “दोष केव्हा निदर्शनास आला?” मी म्हणालो, “आदल्या दिवशी सायंकाळी.” मारोतीने दिलेले उत्तर मी दिले. तो बाजूला उभा नव्हता. निष्कर्षात लिहिले गेले की मृत्यू दरड कोसळल्याने झाला, गाडीत दोष नव्हता. मात्र चालकाने आधीच्या दोषाची नोंद वेळेत न केल्यामुळे गाडी तीन तास उशिरा निघाली. त्याच्या पार्थिवाबरोबर गावी जाण्याची मी परवानगी मागितली होती. चौकशीमुळे ती मिळाली नाही. खरे सांगायचे तर तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले.

इस्लापूरला मी निवृत्तीनंतर गेलो. मध्ये नऊ वर्षे गेली होती. निवृत्त झाल्यावरही मी दोनदा नांदेड स्थानकावर जाऊन तिकीट काढून परत आलो. तिसऱ्यांदा गाडीत बसलो. घर विचारत गेलो. सुमनवहिनी, म्हणजे मारोतीची पत्नी, अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांना मी पूर्वी पाहिले नव्हते.

“गुरुजी का तुम्ही?” त्यांनी विचारले.

“हो. कसं ओळखलं?”

“दारात हुभं ऱ्हाऊन आवाज दिला न्हाई, तवाच. बसा. लई वर्षं लावली, भाऊजी.”

त्यांनी सतरंजी टाकली, पाणी दिले. ओसरीवर काहीही ऐकू येत नव्हते. मी सर्व सांगितले, सुरुवातीपासून. ठोकळा, वही, पंधरा दिवस, मेजरसाहेबांचा प्रश्न, समितीपुढचे माझे उत्तर. वहिनींच्या मांडीवर सूप तसेच राहिले. मग त्या आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन आल्या. पेन्शनच्या कागदांबरोबर निष्कर्षाची प्रत होती.

“ती ओळ वाचा.”

मी वाचली.

“ह्यांचा धाकटा भाऊ म्हणायचा, चूक दादाचीच हुती मंग. शाळेतले सर बी वाचून गप झाले. म्या म्हणायचे, बैलगाडीचं चाक जरा वाजलं तरी हा माणूस जेवण सोडून उठायचा. ह्यो कसा काय उशीर करंल?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “कुणी मानलं न्हाई. कागद हाय म्हणले.”

“मी लिहून देतो, वहिनी.”

“लिहा.”

घरातल्या वहीचे पान घेऊन मी तिथेच लिहिले आणि खाली माझा सेवा क्रमांक, हुद्दा व सही घातली. त्यांनी ते वाचून दाखवायला सांगितले. नंतर म्हणाल्या, “ह्यांच्या नावाची ओळ परत वाचा.” मी परत वाचली. त्यांनी ती तिसऱ्यांदा ऐकली आणि कागद स्वतःच्या हातात घेतला. एक प्रत मी अभिलेख कार्यालयाला पाठवली आहे. अर्ज मिळाल्याची पोच आली, त्यापुढे काही आलेले नाही. सुभेदारसाहेबांनाही पत्र पाठवले. त्यांच्या मुलाने ते वारल्याचे कळवले. जुना कागद बदलेल की नाही हे माझ्या हातात नाही. म्हणून येथेही लिहितो: नाईक मारोती यांनी गाडीच्या दोषाची तक्रार दोन दिवसांच्या आत, तोंडी, माझ्याकडे केली होती. ती वहीत लिहू नये असे मी त्यांना सांगितले होते. विलंब माझा होता.

वहिनींनी मला माफ केले का, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या.

“एक विचारू का, भाऊजी?”

“विचारा.”

“त्या दिवशी सकाळी काही खाऊन निघाले हुते का?”

हे मला नऊ वर्षांत कोणी विचारले नव्हते. समितीनेही नाही. मी सांगितले. लंगरातून, म्हणजे तुकडीच्या स्वयंपाकघरातून, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आली होती. वेळ नव्हता, म्हणून आम्ही जीपपाशी उभ्यानेच खाल्ले. त्याने चार पुऱ्या खाल्ल्या. माझे दोन्ही हात ग्रीसने भरले होते, तर मला त्याने स्वतःच्या हाताने दोन भरवल्या. वर ग्लासभर चहा प्याला, साखर जास्त घालून.

“साखर जास्तीच लागायची,” वहिनी म्हणाल्या.

मारोती गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पोट भरून निघाला होता.